विश्लेषण : स्टुडिओ दहा जणांचा, पण जागा कुणाच्या नावावर?

मुंबईत ब्रीच कँडीच्या समुद्रालगत जाणाऱ्या रस्त्याचे नाव भुलाभाई देसाई मार्ग. जुने मुंबईकर अजूनही त्याला वॉर्डन रोडच म्हणतात. या रस्त्यावरच्या एका वास्तूत १९५० आणि १९६० च्या दशकांत मकबूल फिदा हुसेन, वासुदेव गायतोंडे आणि त्यांचे समकालीन नाममात्र भाड्याच्या खोल्यांत चित्रे रंगवत होते. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका चित्राला ६७ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. चित्रे काढायला जिथे जागा मिळाली ती वास्तू मात्र आता नाही. तिथे उंच निवासी इमारत उभी आहे.

चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडलगत १९६६ मध्ये काही चित्रकार-शिल्पकारांनी अशीच एकत्र राहण्याची आणि काम करण्याची जागा उभारली. ‘चोलामंडल’ नावाचे ते कलाग्राम आजही आहे. दोन्ही ठिकाणी कलाकार तोलामोलाचे होते आणि गरजही सारखीच होती. मग एक जागा गेली आणि दुसरी का राहिली? याचे उत्तर चित्रांपेक्षा जमिनीच्या कागदपत्रांत सापडते. शहरात भाडे परवडत नाही म्हणून एकत्र स्टुडिओ घेण्याचा विचार करणाऱ्या तरुण कलाकारांसाठी ते कामाचे आहे.

चित्रकाराला वेगळी जागा लागतेच कशाला?

घरी बसून चित्र काढता येत नाही का, हा प्रश्न कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येकाला नातेवाईक विचारतात. लहान जलरंगचित्र काढता येते. पण सहा फुटी कॅनव्हास वन-रूम-किचनमध्ये उभा केला की घरातल्या माणसांनी जायचे-यायचे कुठून? तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात. तोवर कॅनव्हासला कुणाचा धक्का लागून चालत नाही. टर्पेंटाइनचा वास स्वयंपाकघरात नको असतो आणि घरात लहान मूल असेल तर नकोच नको.

उजेडाचाही प्रश्न असतो. जुन्या स्टुडिओंच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला असत, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर रंग साधारण एकसारखे दिसतात. (हा युरोपातला नियम मुंबईत पुरता लागू पडत नाही. शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. त्यातला बराच काळ पावसाळी ढगांचा, म्हणून निभावते.)

शिल्पकाराची अडचण आणखी मोठी. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या संगमरवरी ठोकळ्याचे वजन जवळपास २.७ टन भरते. निवासी इमारतीचा स्लॅब भारतीय मानकांनुसार साधारणपणे प्रति चौरस मीटर २०० किलोच्या आसपासचा भार धरून आखलेला असतो. म्हणजे दगडात काम करायचे तर तळमजलाच हवा, आणि शहरात तळमजला सर्वात महाग. मातीकाम करणाऱ्याला भट्टी लागते. स्टोनवेअरसाठी ती १,२०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावी लागते आणि विजेवरच्या मोठ्या भट्टीला थ्री-फेज जोडणी हवी असते. मुद्राचित्रण करणाऱ्याला शेकडो किलोचा प्रेस लागतो. ही साधने एकट्याने घेणे महाग पडते आणि एकट्याकडे ती दिवसाचा बराच वेळ रिकामी पडून राहतात. त्यामुळे सामायिक जागेची कल्पना चित्रकारांपेक्षा मुद्राचित्रकार आणि कुंभकलेतल्या लोकांमध्ये अधिक सहज रुजली.

पॅरिसचे ‘अतेलिए १७’ हे त्याचे गाजलेले उदाहरण. इंग्रज मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या या कार्यशाळेत पिकासो आणि मिरो यांनीही काम केले. पुढे आंध्र प्रदेशातून आलेले कृष्णा रेड्डी तिथले सहसंचालक झाले. एकाच धातूच्या प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग छापण्याचे ‘व्हिस्कॉसिटी’ तंत्र याच कार्यशाळेत विकसित झाले. त्याची युक्ती अशी : प्रत्येक शाईत तेलाचे प्रमाण वेगळे ठेवायचे. कमी-अधिक तेलाच्या शाया एकमेकींत मिसळत नाहीत. प्लेट वेगवेगळ्या खोलीवर कोरलेली असते. कडक रोलर फक्त वरच्या पातळीला शाई लावतो, मऊ रोलर खोलगट भागापर्यंत पोहोचतो. एका प्रेसभोवती बरेच जण रोज काम करत होते, एकाचा फसलेला ठसा दुसरा पाहत होता. असे तंत्र एकट्याच्या खोलीत सापडले असते का, याची शंकाच आहे. भारतात बडोद्याची ‘छाप’ ही मुद्राचित्रण कार्यशाळा याच धर्तीवर, यंत्र सामायिक ठेवून काम करत आली आहे.

भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये नेमके काय होते?

भुलाभाई देसाई हे मुंबईचे नामांकित वकील. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर दिल्लीच्या लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यात त्यांनी बचावाची बाजू मांडली होती. मे १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ वॉर्डन रोडवर भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती चालवण्यात त्यांच्या सूनबाई मधुरी देसाई यांचा पुढाकार मोठा होता.

वास्तूतल्या खोल्या कलाकारांना स्टुडिओ म्हणून मिळत. हुसेन आणि गायतोंडे तिथे होतेच. गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढच्या प्रफुल्ला डहाणूकर, तिथे काम करत. नसरीन मोहमदी लंडनहून शिकून आल्यावर तिथे आल्या आणि गायतोंडे यांच्याशी त्यांचा संवाद तिथेच वाढला. नलिनी मालानी यांचा स्टुडिओ तिथे १९६४ ते १९६७ या काळात होता. त्या वेळी त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. विद्यार्थिदशेतल्या मुलीच्या शेजारच्या खोल्यांत देशातले आघाडीचे चित्रकार काम करत आहेत, ही सोय कुठल्याही अभ्यासक्रमात नसते.

चित्रकारांबरोबर नाटकवालेही होते. इब्राहिम अल्काझी आणि त्यांच्यानंतर सत्यदेव दुबे यांच्या ‘थिएटर युनिट’चा या वास्तूशी संबंध होता. पंडित रविशंकर यांची ‘किन्नर’ ही संगीतशाळाही तिथे होती. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘रंगायन’ला या वास्तूचा आधार मिळाला. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू ही या संस्थेशी जोडलेली नावे. मोठ्या नाट्यगृहाचे भाडे आणि गल्ल्याची चिंता नसलेल्या छोट्या सभागृहात, मोजक्या प्रेक्षकांसमोर वेगळे नाटक करून पाहता येते, हे तिथे कळले.

गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारासाठी अशा खोलीचा अर्थ काय होता? नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. मधून पदविका घेतली. चाळीत एकांत मिळत नाही. त्यांची चित्रे तर रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवत, मध्ये बराच काळ नुसते पाहत बसून होणारी. त्यांनी आयुष्यात तुलनेने कमी चित्रे केली. त्यांच्या कामाचा वेग पाहता दार लावून घेण्याजोगी खोली ही त्यांच्यासाठी रंगांइतकीच गरजेची होती.

मग ती वास्तू टिकली का नाही?

कलाकार तिथे पाहुणे होते. जागा त्यांची नव्हती. ती चालवण्याची इच्छा आणि ताकद असलेली माणसे होती तोवर सारे चालले. १९६० चे दशक सरता सरता गजबज ओसरली, कलाकार पांगले आणि कालांतराने वास्तूही पाडली गेली. वॉर्डन रोडवरच्या जमिनीला दक्षिण मुंबईत काय भाव येतो हे सांगायला नको. नाममात्र भाडे हा उदारपणा होता आणि उदारपणाला मुदत नसते. कुणी फसवले, कुणी बाहेर काढले, अशी गोष्ट शोधायची गरजच नाही. जागेवर कलाकारांचा हक्क सांगणारा कागद नसेल तर एका पिढीच्या उत्साहानंतर हेच होते.

नाटकवाल्यांनीही हा अनुभव पुन्हा घेतला. ‘रंगायन’नंतर १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन झाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ उभी राहिली. तीच पुढे ‘छबिलदास चळवळ’ म्हणून ओळखली गेली. तिथेही जागा शाळेची होती. पुढे छबिलदास सुटले आणि ‘आविष्कार’ला माहीमच्या पालिका शाळेत आसरा घ्यावा लागला. चळवळीला ज्या जागेचे नाव मिळाले ती जागाही तिची स्वतःची नव्हती.

चोलामंडलने काय वेगळे केले?

के. सी. एस. पणिकर हे मद्रासच्या सरकारी कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४४ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन’ स्थापन केली होती. त्यांच्यासमोरची अडचण सरळ होती. हुशार विद्यार्थी शिकून बाहेर पडत आणि चित्रे विकली जात नसल्याने जाहिरात संस्थेत किंवा कापड गिरणीच्या डिझाइन विभागात नोकरी धरत. चित्र मागे पडे.

पणिकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हस्तकलेतून पैसा उभा करायचे ठरवले. बाटिकचे कापड, चामड्याच्या वस्तू, धातूकाम अशा वस्तू चित्रांपेक्षा लवकर विकल्या जात. त्यासाठी ‘आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन’ नावाची संस्था काढली. सकाळी बाटिक आणि उरलेल्या वेळात स्वतःचे चित्र, असा त्यामागचा विचार. या विक्रीतून आलेल्या पैशांनी त्यांनी शहराबाहेर इंजमबाक्कम इथे सुमारे दहा एकर जमीन घेतली. समुद्रकिनाऱ्याजवळची ती रेताड जमीन तेव्हा कुणाला नको होती. सुरुवातीला झोपड्या बांधून लोक राहू लागले.

या घटनेतला महत्त्वाचा शब्द ‘घेतली’ हा आहे. जमीन दानात मिळाली नव्हती, सरकारने दिली नव्हती, भाड्याचीही नव्हती. कलाकारांच्या संस्थेने स्वतः कमावलेल्या पैशांतून ती विकत घेतली. जे. सुलतान अली, के. रामानुजम, एम. सेनाधिपती, पी. गोपीनाथ, एस. जी. वासुदेव, शिल्पकार एस. नंदगोपाल ही चोलामंडलशी जोडलेली काही नावे. दक्षिण भारतातल्या आधुनिक कलेचा इतिहास ‘मद्रास चळवळ’ या नावाने लिहिला जातो, त्यातला मोठा भाग या दहा एकरांत घडला.

प्रदर्शनासाठी शहरातल्या गॅलरीवर अवलंबून राहू नये म्हणून आवारातच कलादालन झाले, उघड्यावर शिल्पे मांडली गेली. २००९ मध्ये तिथे समकालीन कलेचे संग्रहालय सुरू झाले. महाबलीपुरमकडे जाणारे पर्यटक वाटेत थांबतात, तिकीट काढून चित्रे पाहतात.

सारे गोडच आहे असे मात्र नाही. ईस्ट कोस्ट रोड मोठा झाला तसे इंजमबाक्कम शहरातच आले आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. संस्थापक पिढीतले बहुतेक जण आता हयात नाहीत. पणिकर यांचे पुत्र नंदगोपाल स्वतः नावाजलेले शिल्पकार होते आणि त्यांनी वर्षानुवर्षे ग्रामाचा कारभार पाहिला. २०१७ मध्ये त्यांचेही निधन झाले. प्रत्येक कलाकाराचा वारस कलाकारच निघेल असे नाही. मग घर वारसाचे की कलाग्रामाचे? मालकी असली तरी पुढच्या पिढीचा प्रश्न सुटत नाही. फक्त तो भाडेकरूच्या प्रश्नापेक्षा निराळा असतो आणि सोडवायला वेळ मिळतो.

मुंबईतही सहकारी मार्ग चोखाळला गेला होता. वांद्रे पूर्वेचे कलानगर ही चित्रकार-शिल्पकारांची सहकारी वसाहत म्हणून उभी राहिली आणि शेजारचे साहित्य सहवास साहित्यिकांची. पण ती घरे होती. सामायिक प्रेस, भट्टी, कलादालन असे काही त्या आराखड्याच्या केंद्रस्थानी नव्हते. घराचा प्रश्न सुटला की संस्था हळूहळू इतर कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीसारखी होते.

सरकारने किंवा उद्योगपतीने जागा दिली तर?

दोन्ही प्रयोग देशात झाले आहेत. ललित कला अकादमीने १९७६ मध्ये दिल्लीच्या गढी गावात स्टुडिओ सुरू केले. चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण, सिरॅमिक अशी सोय तिथे आहे आणि स्वतःची साधने नसलेल्या अनेक पिढ्यांनी तिचा फायदा घेतला. सरकारी जागेचा लाभ असा की भाडे बाजारभावाने वाढत नाही. तोटा सरकारी असण्याचाच : खोली कुणाला, किती वर्षांसाठी, आणि मुदत संपल्यावर ती सोडवून घ्यायची कशी, यावर प्रशासन आणि कलाकार यांच्यात ओढाताण ठरलेली.

अहमदाबादचे कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स १९८४ मध्ये सुरू झाले. इमारत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांची. दोशी पुण्याचे आणि जे. जे. चे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. खासगी देणगीतून, शिक्षणसंस्थेच्या आवारात, न्यासाच्या चौकटीत ते चालते, त्यामुळे एका व्यक्तीच्या मर्जीवर सारे अवलंबून राहत नाही.

मुंबईत अलीकडच्या काळात कुलाब्याच्या क्लार्क हाऊसने लक्ष वेधले. २०१० मध्ये एका जुन्या कार्यालयीन जागेत हा उपक्रम सुरू झाला आणि तरुण कलाकारांचा गट तिथे जमला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या परिसरातून आलेले प्रभाकर पाचपुते यांचे पहिले एकल प्रदर्शन २०१२ मध्ये तिथेच झाले. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांचे काम व्हेनिस बिएनालेत होते. मोठ्या गॅलरीने दार उघडण्याआधी कुणीतरी भिंत द्यावी लागते. ती द्यायचे काम अशा जागा करतात.

लंडनमध्ये हे कसे जमले?

तिथे रिकाम्या इमारतींपासून सुरुवात झाली. चित्रकार ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली यांनी १९६८ मध्ये ‘स्पेस’ ही संस्था सुरू केली आणि बंद पडलेल्या सेंट कॅथरिन डॉक्सच्या गोदामात स्टुडिओ थाटले. काही वर्षांतच गोदीचा पुनर्विकास आला आणि तिथून निघावे लागले. १९७२ मध्ये काही कला पदवीधरांनी ‘ॲक्मे’ काढली. पूर्व लंडनमधली पाडायला काढलेली घरे स्थानिक प्रशासनाकडून तात्पुरती घ्यायची, कलाकारांनी स्वतः डागडुजी करून तिथे राहायचे आणि काम करायचे, अशी योजना होती. घर पाडायची वेळ आली की दुसरे.

वीसेक वर्षे असे काढल्यावर ‘ॲक्मे’ने दिशा बदलली. १९९० च्या दशकात राष्ट्रीय लॉटरीच्या निधीची मदत घेऊन तिने इमारती स्वतःच्या नावावर घेतल्या आणि नव्या बांधकामांतही कायमचे स्टुडिओ मिळवले. दोन्ही संस्था आजही काम करतात. मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा गिरणगावात हजारो चौरस फुटांची उंच छताची, उत्तम उजेडाची शेड रिकामी होती. तिथे काय उभे राहिले हे लोअर परळच्या पुलावरून दिसते.

आज आठ जणांनी मिळून जागा घ्यायची ठरवली तर?

एक काल्पनिक हिशेब घेऊ. एक हजार चौरस फुटांचा गाळा, महिना ५० हजार रुपये भाडे, आठ भागीदार. डोईला ६,२५० रुपये. परवडते. सहा महिन्यांनी एकाला बडोद्यात प्रवेश मिळाला, एकीचे लग्न होऊन ती परगावी गेली, एकाने नोकरी धरली. उरले पाच, डोईला दहा हजार. यात वीज आणि अनामत धरलेलीच नाही. मित्रांनी उभारलेले बहुतांश स्टुडिओ अशा साध्या भागाकाराने बंद पडतात, भांडणाने कमी. म्हणून सोडून जाणाऱ्याने किती महिने आधी सांगायचे, बदली माणूस कुणी आणायचा आणि अनामतीतला त्याचा वाटा कधी परत करायचा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे लागते. मित्रांत कसले कागद, असे म्हणण्याचा मोह होतोच.

दुसरा मुद्दा मालकाबरोबरच्या कराराचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार ही सवय आहे, सक्ती नाही. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतो आणि त्यावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागते. वरच्या उदाहरणात पाच वर्षांचे एकूण भाडे ३० लाख होते, त्यावर शुल्क साडेसात हजार रुपये (अनामतीवरचा हिशेब आणि नोंदणी शुल्क वेगळे). पाच वर्षांच्या निश्चिंतीसाठी ही रक्कम फार नाही. मात्र त्या काळात मालकाला किती नोटिशीने करार मोडता येतो, हे कलम वाचल्याशिवाय सही करू नये. पाच वर्षांचा करार आणि एक महिन्याची नोटीस, म्हणजे हाती एकच महिना.

करार एकाच्या नावावर असेल तर बाकीचे सात कायद्याच्या नजरेत त्याचे पाहुणे. त्यासाठी संस्था नोंदवणे हा मार्ग आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य लागतात, म्हणजे आठ जणांच्या गटाला ते शक्य आहे. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवली जाते आणि तिथे एक महत्त्वाचे संरक्षण मिळते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही आणि इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. उद्या कुणी कलाप्रेमी आजोबांनी आपला जुना वाडा किंवा बंगला स्टुडिओसाठी द्यायचा ठरवला तर तो व्यक्तींना न देता न्यासाला द्यावा, असे वकील सुचवतात ते यामुळे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीचा समावेश असल्याने सीएसआर निधीही मागता येतो. तो नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो, मित्रांच्या टोळक्याला नाही.

प्रदर्शनाची भिंत स्वतःची का हवी?

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. तिथे आठवड्याच्या भाड्याने दालन मिळते, पण त्यासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी असते. आज अर्ज करणाऱ्या कलाकाराची तारीख येईपर्यंत त्याची चित्रशैलीच बदललेली असू शकते. बाहेरच्या फुटपाथवर चित्रे लावून बसणारे कलाकार हा या यादीचाच उघड्यावरचा पुरावा. खासगी गॅलरीकडे गेले तर विक्रीच्या किमतीतला एक तृतीयांश ते निम्मा वाटा कमिशन म्हणून जाऊ शकतो. गॅलरी त्या बदल्यात ग्राहक आणते, हेही खरे. पण नव्या कलाकाराला ती मुळात उभीच करत नाही.

सामायिक स्टुडिओत आठ जणांनी मिळून एक भिंत मोकळी ठेवली, महिन्यातून एक रविवार दार उघडे ठेवले, तर आठ जणांचे ओळखीचे लोक एकाच ठिकाणी येतात. एकाचा पाहुणा दुसऱ्याचे चित्र पाहतो. कोल्हापूर, नाशिक, सांगलीसारख्या शहरांत भाडे मुंबईच्या मानाने कमी असल्याने हे अधिक सहज जमू शकते. तिथली खरी अडचण विकत घेणाऱ्यांची संख्या ही आहे.

महापालिकांना काही करता येईल?

जागा पालिकांकडे असते. अनेक शहरांत पटसंख्या घटल्याने पालिका शाळांच्या वर्गखोल्या रिकाम्या आहेत. संध्याकाळी आणि सुटीत त्या लेखी कराराने, ठरावीक वर्षांसाठी देता येतील. शाळेत स्टुडिओ असेल तर मुलांना चित्रकार काम करताना दिसेल, हा भाग वेगळाच.

आणि कलाकारांना जागा देण्याची सवय मुंबई महापालिकेला नाही असे म्हणता येणार नाही. लालबाग-परळपासून उपनगरांपर्यंत दरवर्षी गणपतीच्या कितीतरी आधी मूर्तिकारांचे मंडप उभे राहतात. शेकडो कारागीर तिथे एकत्र काम करतात, मातीपासून रंगापर्यंत सगळे एका छताखाली होते आणि गिऱ्हाईक तिथेच येऊन मूर्ती पाहून जाते. उत्सव सरला की मंडप उतरतो आणि पुढच्या वर्षी परवानगीसाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.